वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योजक होते. रेल्वे व बांधकाम, जहाजवाहतूक, साखर, विमाननिर्मिती, जहाजबांधणी आणि मोटारनिर्मिती या क्षेत्रांत त्यांनी उद्योग उभे केले. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी, विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखाना आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स या संस्थांच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर ही औद्योगिक वसाहत आणि सांगली येथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

मोटारउद्योगाच्या इतिहासात त्यांचे नाव विशेषेकरून एका प्रश्नाशी जोडलेले आहे. परदेशात आखलेल्या एकाच सांगाड्यावर निरनिराळ्या नावांच्या गाड्या जुळवून स्वदेशी मोटारउद्योग उभा राहू शकतो काय, हा तो प्रश्न होय. त्यांच्या हयातीत त्याचे उत्तर मिळाले नाही.

कुटुंब व शिक्षण

दोशी कुटुंब मूळचे काठेवाडातील वांकानेरचे. ते दिगंबर जैन पंथाचे असून सोलापुरात कापसाचा व्यापार आणि सावकारी करीत असे. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे केवळ व्यापारी नव्हते. समाजसुधारणेची आस्था असलेले गृहस्थ म्हणून त्यांची ख्याती होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक सुरू केले होते. घरची बोली गुजराती असली तरी घराचा सार्वजनिक व्यवहार मराठीत चाले. वालचंदांच्या जन्मानंतर अल्पावधीतच त्यांच्या आईचे निधन झाले.

सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे काही काळ शिक्षण घेतले, पण पदवी पूर्ण केली नाही. घरच्या पेढीत बसण्यासाठी ते परतले आणि पेढीतील व्यवहारात त्यांचे मन फार काळ रमले नाही. पदवी नसलेल्या या गृहस्थांचे नाव पुढे एका अभियांत्रिकी महाविद्यालयाला दिले गेले.

फाटक यांच्याशी भागीदारी आणि बार्शी लाइट रेल्वे

वालचंदांच्या उद्योजकतेची सुरुवात लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याबरोबरच्या भागीदारीने झाली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि ठेकेदारीत उतरू पाहत होते. त्यांच्याजवळ कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांजवळ घरच्या पेढीची पत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या जोडीने घेतलेल्या आरंभीच्या कामांपैकी एक बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गविस्ताराचे होते.

या रेल्वेचा येथे थोडा विस्ताराने उल्लेख करणे उचित ठरेल. १८९७ मध्ये सुरू झालेली ही अडीच फूट रुंदीची अरुंदमापी रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखली होती. रुळांवर कोणत्याही आसाचा भार पाच टनांहून अधिक पडू नये, असा त्याचा नियम होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मालाचे निरनिराळ्या प्रकारचे डबे त्याने एकाच मापाच्या, दाबपोलादाच्या २५ फुटी तळचौकटीवर बांधले. उघडा डबा असो वा बंद, खालची चौकट तीच. त्यामुळे सुटे भाग एकमेकांस चालत, दुरुस्ती स्वस्त पडे आणि डब्याचे स्वतःचे वजनही कमी राही. मोटारउद्योगात ज्याला आज सामायिक प्लॅटफॉर्म म्हणतात, त्याचे तत्त्व हेच आहे. ही रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. मिरजेपर्यंत आलेल्या या छोट्या गाडीने सांगली परिसर पंढरपूर-कुर्डुवाडीशी जोडला गेला.

वालचंदांनी हे तत्त्व बार्शीच्या रुळांवरून उचलले असे म्हणण्यास आधार नाही. ठेकेदार म्हणून त्यांचा संबंध मातीकाम, पूल व रूळ यांच्याशी होता. तथापि पुढील आयुष्यात ज्या कल्पनेवर त्यांच्या मोटारकारखान्याचे गणित बसले, तिचे एक उत्तम उदाहरण त्यांच्या उमेदवारीच्या काळातच त्यांच्या कामाच्या ठिकाणी धावत होते.

बांधकाम व जहाजवाहतूक

१९२० मध्ये टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. बोरघाटातील रेल्वे बोगदे आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारी जलवाहिनी ही वालचंदांच्या बांधकाम व्यवसायातील या काळची गाजलेली कामे होत. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने ठरावीक मापाचे सिमेंट-काँक्रीटचे नळ तयार करण्यास आरंभ केला.

जहाजवाहतुकीत त्यांचा प्रवेश १९१९ मध्ये झाला. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस १९६४ पासून भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून या नव्या कंपनीस जेरीस आणले. अखेर १९२३ मध्ये झालेल्या कराराने सिंदियाला जगायची मुभा मिळाली, परंतु जहाजांच्या एकूण टनभारावर आणि मार्गांवर मर्यादा स्वीकारावी लागली. दुसऱ्याच्या परवानगीने चालणारा धंदा किती दूर जाऊ शकतो, याचा हा पहिला धडा होता. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले व १९५० पर्यंत त्या पदावर राहिले.

शेतीवर आधारित उद्योगांत नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथे त्यांनी उसाची लागवड व साखर कारखाने उभारले. कळंबची वसाहत पुढे वालचंदनगर म्हणून प्रसिद्धीस आली. १९३२-३३ या वर्षी ते भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे म्हणजेच फिक्कीचे अध्यक्ष होते.

मोटारकारखान्याची कल्पना

१९३०च्या दशकात भारतात मोटारी धावत होत्या. त्या येथे घडत मात्र नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत आणि फोर्डने १९३०च्या सुमारास मद्रास व मुंबईत जुळवणीचे कारखाने चालविले होते. खोक्यांत भरून आलेले भाग येथे जोडायचे, रंग द्यायचा आणि गाडी विकायची, एवढेच काम त्यांत होई. पोलादाचे पत्रे दाबणारे प्रेस, इंजिनाचे ठोकळे ओतणाऱ्या भट्ट्या, दातेरी चक्रे कापणारी यंत्रे यांपैकी काहीही येथे नव्हते.

मोटार देशात तयार व्हावी, हा विचार सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नेटाने पुढे मांडला. १९३५ मध्ये युरोप व अमेरिकेचा दौरा करून त्यांनी तेथील कारखाने पाहिले आणि मुंबई इलाख्यात मोटारकारखाना उभारण्याचा आराखडा तयार केला. वालचंद या आराखड्याचे प्रमुख पुरस्कर्ते झाले. १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची भूमिका अनुकूल होती, परंतु १९३९च्या अखेरीस त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नंतर म्हैसूर संस्थानाने सहभागाची तयारी दर्शविली, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यात अडथळा आणला.

परदेशी सहकार्यासाठी वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशी झालेली बोलणी निष्फळ ठरली, कारण हिंदुस्थानातील व्यवहाराचा अधिकार फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होता आणि तिला येथे दुसऱ्याचा कारखाना नको होता. त्यानंतर क्रायस्लर कॉर्पोरेशनशी बोलणी होऊन १९४० मध्ये करार झाला. आता अडचण दिल्लीची होती. मोटारनिर्मिती हे युद्धकार्यास आवश्यक उद्योग म्हणून जाहीर करण्यास सरकारने नकार दिला. तशी मान्यता नसल्याने युद्धकाळात यंत्रसामग्रीसाठी लागणारे परकीय चलन व जहाजातील जागा मिळणे अशक्य होते. ज्या युद्धात सैन्याला हजारो मालमोटारी लागत होत्या, त्याच युद्धाच्या कारणाने मालमोटारींचा कारखाना रोखला गेला.

याच अमेरिकावारीतून परतताना पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमानव्यावसायिकाशी पडली. त्या ओळखीतून म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये भारत सरकारने तीत भाग घेतला आणि १९४२ मध्ये वालचंदांचे भाग विकत घेऊन व्यवस्थापनही आपल्याकडे घेतले. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले आणि काम खोळंबले. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी केले. १९५२ मध्ये हा कारखानाही सरकारच्या अखत्यारीत गेला. जहाज, विमान व मोटार या तीन उद्योगांपैकी मोटारीचा तेवढा वालचंदांच्या घराकडे राहिला.

कुर्ला येथील कारखाना : एक गाडी, तीन नावे

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली व मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभारण्यात आला. स्वातंत्र्यापूर्वी, १९४७च्या पूर्वार्धात येथून पहिली मोटार बाहेर पडली. घनश्यामदास बिर्लांचे बंधू ब्रिजमोहन बिर्ला यांनी १९४२ मध्ये स्थापन केलेली हिंदुस्थान मोटर्स हीच त्या वेळी बरोबरीची दुसरी भारतीय कंपनी होती. तिने इंग्लंडच्या मॉरिस गाडीचा आधार घेतला होता.

कुर्ल्यास डॉज, डिसोटो आणि प्लिमथ अशा तीन नावांच्या मोटारी जुळविल्या जात. वरवर पाहणाऱ्यास हे तीन स्वतंत्र कंपन्यांचे माल वाटत. प्रत्यक्षात डॉज किंग्जवे व डिसोटो डिप्लोमॅट ही मॉडेले प्लिमथच्याच सांगाड्यावर व पोलादी कवचावर बेतलेली होती. सहा सिलिंडरांचे इंजिन, गिअरपेटी, पुढची-मागची निलंबन योजना, दारे व छप्पर हे सारे समान. फरक होता तो पुढील जाळी, बिल्ला, चकचकीत पट्ट्या आणि आतील सजावट यांत. मालमोटारींचेही तसेच होते. एकाच मालमोटारीवर डॉज, डिसोटो वा फार्गो यांपैकी एखादे नाव चढवून ती रस्त्यावर येई.

ही ग्राहकाची फसवणूक होती, असा एक समज पुढे रूढ झाला. तो पूर्णतः योग्य नाही. क्रायस्लरने ही पद्धत अमेरिकेत प्रत्येक नावाच्या विक्रेत्यांना काहीतरी विकायला मिळावे म्हणून स्वीकारली होती. कुर्ल्यास तिचा उपयोग वेगळ्या कारणाने झाला. मोटारीच्या कवचासाठी लागणारे साचे अत्यंत महाग असतात. एका साच्यातून काढलेल्या पत्र्यांची संख्या जितकी अधिक, तितका एका गाडीवरील साच्याचा खर्च कमी. भारतात त्या काळी मोटारींचा खप इतका अल्प होता की, तीन निरनिराळ्या गाड्यांसाठी तीन संच उभारणे कोणत्याही कारखान्यास परवडले नसते. एकाच सांगाड्यामुळे जुळवणीची एकच रांग, एकाच प्रकारचे पकड-साचे, कामगारांचे एकच प्रशिक्षण आणि सुट्या भागांचे एकच कोठार पुरले. शिवाय देशात बनविण्यास घेतलेला प्रत्येक भाग तिन्ही नावांच्या गाड्यांत बसत असल्याने तो बनविण्याइतकी मागणी निर्माण झाली. १९४९ पासून कारखान्याने काही भागांची निर्मिती सुरू केली, ती या हिशेबाच्या बळावर.

त्या पद्धतीचा तोटाही तितकाच स्पष्ट होता. सांगाडा ज्याचा, त्याच्या हाती भविष्य. कवचाची वक्रता बदलायची की इंजिनाचा व्यास कमी करायचा, याचा निर्णय डेट्रॉइटमध्ये होई आणि कुर्ल्यास नवे साचे पाठविले जात किंवा जुने वापरावे लागत. जहाजवाहतुकीत १९२३च्या कराराने जी मर्यादा घातली होती, तिचेच हे दुसरे रूप होते. वालचंदांच्या मूळ योजनेत जुळवणी ही पहिली पायरी होती. तिच्यापुढे संपूर्ण निर्मिती व स्वतःचा आराखडा यायचा होता. ही पुढची पायरी गाठण्यात त्यांची प्रीमियर कंपनी कमी पडली, ही टीका योग्य आहे. मात्र परवाने, परकीय चलनाची टंचाई व छोटी बाजारपेठ यांचा विचार करता सारा दोष कारखान्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

छोटी मोटार

अमेरिकन मोटार प्रशस्त, पण पेट्रोल पिणारी. डॉक्टर, वकील वा शेतकरी बागाईतदार यांना परवडेल अशी गाडी हवी असेल, तर ती युरोपातून घ्यावी लागणार, हे उघड होते. १९५०च्या दशकाच्या आरंभी प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जोडून ‘फियाट ५००’ या छोटेखानी गाडीची जुळवणी सुरू केली. दान्ते जाकोसा यांनी आखलेली ही गाडी १९३६ मध्ये इटलीत आली होती व उंदराच्या पिल्लावरून तिला ‘तोपोलिनो’ असे लाडाचे नाव पडले होते. तिचे इंजिन ५६९ घनसेंटिमीटरचे असून दोन चाकांच्या आसांमधील अंतर अवघे दोन मीटर होते.

सामायिक सांगाड्याचे तत्त्व या गाडीतही होते. त्याच चॅसिसवर बंद गाडी, कापडी छपराची गाडी, मालवाहू व्हॅन आणि मागे लाकडी सजावट असलेली कुटुंबगाडी असे प्रकार निघत. फ्रान्समध्ये तीच गाडी ‘सिम्का ५’ या नावाने, तर जर्मनीत एनएसयू-फियाट या नावाने तयार होई. तोरिनोत जन्मलेला एकच आराखडा निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावे धारण करीत होता आणि कुर्ला हा त्या मालिकेतील एक मुक्काम होता.

मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने ‘११००/१०३’ ही नवी गाडी मांडली. हिला स्वतंत्र चॅसिस नव्हती. तळ व कवच एकसंध जोडलेले होते. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार दारे आणि चार मीटरांहून कमी लांबी ही तिची वैशिष्ट्ये होत. १९५४ पासून ती कुर्ल्यास तयार होऊ लागली. तेव्हा वालचंद हयात नव्हते.

त्याच सुमारास सरकारी धोरणानेही वळण घेतले. १९४९ मध्ये पूर्ण तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी आली आणि १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीनुसार, निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या केवळ जुळवणी करणाऱ्या कंपन्यांना परवानगी नाकारण्यात आली. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपले कारखाने बंद केले. वालचंदांनी पंधरा वर्षे जो आग्रह धरला होता, तो धोरण म्हणून त्यांच्या मृत्यूच्या वर्षी मान्य झाला.

अखेरचा काळ

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. उद्योगांची सूत्रे गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या बंधूंकडे गेली. आजारपणात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्यपद्धतीविषयी मतभेद आहेत. एक उद्योग पायावर उभा राहण्यापूर्वी ते दुसऱ्यास हात घालीत आणि भागीदारांना आर्थिक ओढाताण सोसावी लागे, असा आक्षेप घेतला जातो. परकीय मक्तेदारीशी झगडणाऱ्या सिंदिया कंपनीवर किनारी वाहतुकीतील लहान देशी कंपन्यांना दडपल्याचाही आरोप झाला. दुसऱ्या बाजूने पाहता जहाज, विमान व मोटार या तिन्ही क्षेत्रांत त्या काळी खासगी भांडवल गुंतविण्यास दुसरे फारसे कोणी पुढे येत नव्हते.

सातारा व सांगली परिसर

साताऱ्याचे धनजीशा कूपर यांनी सातारा रोड येथे नांगर व शेतीची अवजारे बनविणारा कारखाना उभारला होता. हे कूपर १९३७ मध्ये अल्पकाळ मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्यांची कूपर इंजिनिअरिंग ही कंपनी १९४०च्या दशकात वालचंद समूहाकडे आली व तिने डिझेल इंजिने व यंत्रसाधने बनविली. तेथील ओतशाळा आजही वालचंदनगर इंडस्ट्रीजच्या नावाने चालते. वालचंदांच्या मृत्यूनंतर सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचे बांधकाम हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने केले.

सांगलीशी त्यांचे नाव जोडले गेले ते मरणोत्तर. १९४७ मध्ये, सांगली संस्थान अद्याप विलीन झालेले नसताना, धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने तेथे न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. आरंभी तेथे स्थापत्य अभियांत्रिकीचाच पदवी अभ्यासक्रम होता. १९५५ मध्ये वालचंद कुटुंबाच्या साहाय्यानंतर महाविद्यालयाचे नाव वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग असे झाले आणि यांत्रिकी व विद्युत अभियांत्रिकीचे अभ्यासक्रमही सुरू झाले. विश्रामबाग येथील या महाविद्यालयाने दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील मुलांना पुण्या-मुंबईस न जाता अभियंता होण्याची सोय करून दिली. गाडी जुळविणारा कामगार कारखान्यात तयार होतो, पण गाडीचा सांगाडा आखणारा माणूस घडायला महाविद्यालयच लागते. या दृष्टीने कुर्ल्याच्या कारखान्याहून सांगलीचे महाविद्यालय त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाच्या अधिक जवळचे आहे.

त्यांच्यानंतर

फियाट ११०० ही गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. नाव बदलले, सांगाडा तोच राहिला. २००० सालापर्यंत तिचे उत्पादन चालू होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ती दीर्घकाळ टिकली आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. २००९ मध्ये प्रीमियरने ‘रिओ’ ही चार मीटरांहून आखूड गाडी आणली. तिचा पाया चीनच्या झोत्ये कंपनीच्या गाडीचा आणि त्या गाडीचा पाया जपानच्या दाईहात्सू टेरिओसचा होता.

२००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून कमी लांबीच्या आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंत पेट्रोल किंवा १५०० घनसेंटिमीटरपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली, तेव्हापासून भारतात छोट्या गाड्यांचे सामायिक सांगाडे सर्रास झाले. २०१९ मध्ये मारुती सुझुकीची बलेनो हीच गाडी टोयोटा ग्लान्झा या नावाने विक्रीस आली. ग्लान्झा विकणारी टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली. तिच्या नावातील किर्लोस्कर हे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथे वसविलेल्या उद्योगातून आलेले आहे.

सन्मान

भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. गंगाधर देवराव खानोलकर यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आहे. सोलापूर येथेही त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आहे.